विद्यापीठाचा समाजावरील परिणाम कोणी ठरवायचा? सहभागी संशोधनपद्धतींविषयी चर्चा (प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्या सदस्याचे टोपणनाव आहे)

शिवारफेरी

विद्यापीठांच्या कामाचे मूल्यमापन करणाऱ्या आपल्याकडच्या दोन ठळक व्यवस्था म्हणजे नॅक (राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषद) आणि एनआयआरएफ (शिक्षणसंस्थांची राष्ट्रीय क्रमवारी). नॅक १९९४ साली स्थापन झाली आणि तिच्या सात निकषांपैकी तिसऱ्यात संशोधनाच्या जोडीने विस्तारकार्याला जागा आहे. एनआयआरएफची पहिली क्रमवारी २०१६ साली आली. तिच्यात ‘आउटरीच अँड इन्क्लुसिव्हिटी’ नावाचे एक शीर्षक असले, तरी त्याखाली परराज्यांतून आलेले विद्यार्थी, मुलींचे प्रमाण, आर्थिक व सामाजिक दृष्ट्या मागास विद्यार्थी आणि दिव्यांगांसाठीच्या सोयी एवढेच मोजले जाते. हे मोजायलाच हवे, याविषयी माझे दुमत नाही. परंतु विद्यापीठाच्या कुंपणाबाहेर काय बदलले, याचा त्यात मागमूस नाही. नॅकच्या विस्तारकार्यातही उपक्रमांची संख्या, सहभागी विद्यार्थ्यांची संख्या, मिळालेले पुरस्कार आणि जिओटॅग (ठिकाणाची नोंद) असलेली छायाचित्रे एवढ्यावर बहुतेक महाविद्यालयांचा अहवाल पूर्ण होतो. वृक्षारोपणाचे छायाचित्र फाइलला लागते. ते झाड तिसऱ्या उन्हाळ्यात जगले की नाही, हे लिहिण्यासाठी रकाना नसतो.

समाजाप्रती विद्यापीठाचे काही कर्तव्य आहे, हे आपल्या व्यवस्थेने फार पूर्वी मान्य केले आहे. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली ३७ विद्यापीठांत सुरू झाली. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९७७ साली अध्यापन आणि संशोधन यांच्या बरोबरीने विस्तारकार्य हे उच्च शिक्षणाचे तिसरे अंग मानले. २०१४ साली उच्च शिक्षणसंस्थांना गावांशी जोडणारे उन्नत भारत अभियान आले, २०२० साली आयोगाने सामाजिक उत्तरदायित्व व लोकसहभागाचा आराखडा काढला, आणि आता पदवीच्या अभ्यासक्रमात क्षेत्रीय प्रकल्पही आले. या अर्धशतकात ज्यांच्यासाठी हे सारे केले गेले, त्यांना ‘तुमच्या मते यातून काय झाले?’ असे पद्धतशीरपणे विचारण्याची सोय मात्र कुठेच नीट उभी राहिली नाही.

माझे म्हणणे असे आहे की सहभागी संशोधनात, म्हणजे ज्यांच्याविषयी अभ्यास आहे त्यांनाच बरोबर घेऊन केलेल्या संशोधनात, लोकांचा सहभाग दोन टोकांना असायला हवा. सुरुवातीला, म्हणजे कोणता प्रश्न विचारायचा हे ठरवताना. आणि शेवटी, म्हणजे जमलेल्या माहितीचा अर्थ लावून निवाडा करताना. प्रत्यक्षात आपण लोकांना फक्त मधल्या टप्प्यात, माहिती देण्यापुरते बोलावतो. अमेरिकी अभ्यासक शेरी अर्नस्टाइन यांनी १९६९ साली नागरिकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली होती, तिच्यातल्या खालच्या पायऱ्यांवरच आपले बहुतेक ‘सहभागी’ अभ्यास थांबलेले दिसतात.

ही परंपरा आपल्याला परकी नाही. कोलंबियातील समाजशास्त्रज्ञ ओर्लांदो फाल्स बोर्दा यांच्या पुढाकाराने १९७७ साली तिथल्या कार्ताहेना येथे कृती संशोधनाची (अभ्यास आणि बदलाची कृती एकत्र करणाऱ्या संशोधनाची) मोठी परिषद भरली, त्याच दशकात पालघर तालुक्यातील आदिवासींची भूमिसेना जमिनीच्या आणि वेठबिगारीच्या प्रश्नावर लढत होती. त्या लढ्याचा दक्षिण आशियातील संशोधकांनी केलेला अभ्यास १९७९ साली प्रसिद्ध झाला आणि सहभागी कृती संशोधनाच्या जगभरच्या चर्चेत तो आजही येतो. तयार उत्तरे घेऊन येणारा बाहेरचा माणूस आमच्या उपयोगाचा नाही, आमचे प्रश्न काय आहेत हे त्याने आधी आमच्याकडून समजून घ्यावे, अशी भूमिसेनेच्या कार्यकर्त्यांची भूमिका त्यात नोंदलेली आहे. गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावाने तर ‘अभ्यास गट’ ही स्वतःची संस्थाच उभी केली. ग्रामसभेत निर्णय घेण्याआधी गावकरी आणि बाहेरचे जाणकार एकत्र बसून विषयाचा अभ्यास करतात आणि निर्णय मात्र ग्रामसभाच सर्वसहमतीने घेते. २००९ साली या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, त्यामागे अशा अभ्यासाची अनेक वर्षांची बैठक होती.

हीच रीत विद्यापीठाच्या परिणामाच्या अभ्यासाला लावता येईल का? ज्यांनी असे काही करून पाहिले आहे, त्यांनी तपशिलाने लिहावे, अशी विनंती आहे.

ऊसपट्टा

मी कृषी महाविद्यालयात शिकवतो. आमच्याकडे अंतिम वर्षाचे विद्यार्थी ग्रामीण कृषी कार्यानुभव कार्यक्रमात एका गावाला जोडले जातात. वर्तमानपत्रांत ‘कृषिदूतांनी’ अमुक गावात प्रात्यक्षिक दिले अशा बातम्या आपण वाचता, ते हेच विद्यार्थी. सहभागी ग्रामीण मूल्यावलोकन त्यांच्या अभ्यासक्रमातच आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेच्या पटांगणात रांगोळीने गावाचा नकाशा काढायचा, शिवारफेरी करायची, हंगामाचा तक्ता मांडायचा आणि समस्यांचा क्रम लावायचा, असे त्याचे स्वरूप असते.

त्यातल्या त्रुटीही सांगतो. नकाशा बहुतेक वेळा विद्यार्थीच काढतात, कारण रांगोळी त्यांच्या हातात असते आणि गुणही त्यांनाच मिळायचे असतात. गावकरी कडेने उभे राहून पाहतात. एका गावात आम्ही रंग गावकऱ्यांच्या हाती दिले आणि विद्यार्थ्यांना बाजूला बसवले. पहिला अर्धा तास कोणी पुढे आले नाही. मग एका आजींनी आधी ओढा काढला, त्याला दोन ठिकाणी फाटे फोडले आणि मगच घरे मांडायला सांगितले. आमच्या विद्यार्थ्यांचे नकाशे नेहमी रस्त्यापासून सुरू होत.

परिणामाच्या अभ्यासासाठी आम्ही चिंचोके वापरले. प्रत्येक शेतकऱ्याला सारखे चिंचोके दिले आणि जमिनीवर खडूने चौकोन आखले: शेजारी किंवा पाहुणा, साखर कारखान्याचा चिटबॉय (गावात उसाचे काम पाहणारा कर्मचारी), कृषी सेवा केंद्राचा दुकानदार, कृषी सहायक, मोबाइल आणि कृषी विद्यापीठ. उसाचा जो वाण तुम्ही आज लावता, त्याची माहिती आणि बेणे कोणाकडून आले, त्याप्रमाणे चिंचोके ठेवा, असे सांगितले. शेजाऱ्याच्या आणि चिटबॉयच्या चौकोनांत राशी पडल्या. विद्यापीठाच्या चौकोनात जेमतेम दोन-चार पडले.

एवढ्यावर थांबलो असतो, तर विद्यापीठाचा काही परिणाम नाही असा निष्कर्ष निघाला असता. परंतु त्या शिवारात उभा असलेला ऊस मुख्यतः को ८६०३२ आणि फुले २६५ होता. पहिला मूळचा कोइमतूरचा. महाराष्ट्रासाठी त्याची शिफारस महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या पाडेगाव केंद्रातून १९९६ साली झाली. दुसराही त्याच केंद्राचा, २००७ सालचा. म्हणून आम्ही पुढचा प्रश्न विचारला: हे बेणे गावात सर्वांत आधी कोणाच्या रानात आले? तिथून चर्चेला खरा रंग चढला. लोकांनी आपापसांत वाद घालून साखळी जुळवली. अमक्याने ते कारखान्याच्या बेणेमळ्यातून आणले, त्याच्याकडून भावकीत गेले, मग दुसऱ्या वाडीत. बेणेमळ्यात ते कुठून आले, हे कारखान्याच्या निवृत्त शेतकी अधिकाऱ्यांनी सांगितले, आणि ती वाट पाडेगावला पोहोचली.

तिथेच आणखी एक गोष्ट समजली. २६५ चोपण जमिनीत तग धरतो आणि टनेज देतो, म्हणून शेतकरी त्यावर खूश होते. साखरेचा उतारा कमी बसतो, म्हणून कारखान्याची त्यावर नाराजी होती. एकाच वाणाचा परिणाम दोघांच्या लेखी वेगळा आहे. ‘हेक्टरी उत्पादनात वाढ’ असा एकच निर्देशक आम्ही विद्यापीठात बसून ठरवला असता, तर हा भेद कागदावर आलाच नसता.

आकडेमोड

संख्याशास्त्राचा विद्यार्थी या नात्याने तीन शंका मांडतो. त्या सहभागी पद्धतींना विरोध म्हणून मांडत नाही. या पद्धतींनी काढलेले निष्कर्ष विद्यापीठाच्या अधिसभेत किंवा शासनापुढे टिकावेत, अशी इच्छा आहे म्हणून मांडतो.

पहिली शंका गावांच्या निवडीची. महाविद्यालये जी गावे दत्तक घेतात, ती बहुधा जवळची आणि डांबरी रस्त्यालगतची असतात. ग्रामीण विकासाचे ब्रिटिश अभ्यासक रॉबर्ट चेंबर्स यांनी १९८० च्या दशकातच हा दोष दाखवून दिला होता: बाहेरचा अभ्यासक रस्ता, हंगाम आणि ओळखीचा माणूस यांच्या सोयीने गाव पाहतो, आणि आडवळणाची वस्ती, पावसाळ्यातली उपासमार व गरीब बाई त्याच्या नजरेतून सुटतात. तेव्हा दत्तक गावांच्या जोडीला त्याच तालुक्यातील दत्तक न घेतलेली काही गावे चिठ्ठ्या टाकून निवडली पाहिजेत. अन्यथा जो बदल रस्त्याने, मोबाइलने किंवा चांगल्या पावसाने झाला, तो आपण विद्यापीठाच्या खात्यावर मांडू.

दुसरी शंका भिडेची. दारी आलेल्या पाहुण्याला, त्यातही ‘सर’ आणि ‘मॅडम’ना, तुमच्या कामाचा काही उपयोग झाला नाही असे तोंडावर सांगणे आपल्या समाजात कठीण जाते. ज्या संस्थेचा परिणाम मोजायचा, तिचेच प्राध्यापक समोर बसले असतील, तर उत्तरे गोडच येणार.

तिसरी शंका बेरजेची. एका गावचे चिंचोके दुसऱ्या गावच्या चिंचोक्यांत कसे मिळवायचे? यावर उत्तर नाही असे नाही. आफ्रिकेतील मलावीमध्ये ब्रिटनच्या रीडिंग विद्यापीठातील संख्याशास्त्रज्ञांनी नमुन्याने निवडलेल्या गावांत सारख्याच रीतीने गावनकाशे काढून घेतले आणि त्या नकाशांवरून देशपातळीचे अंदाज बांधले. गावे निवडताना नमुन्याची शिस्त आणि प्रत्येक गावात कृतीची रीत एकसारखी, एवढे पथ्य पाळले, तर लोकांनी स्वतः मोजलेले आकडेही बेरजेला येतात. ऊसपट्टा यांनी जी साखळी शोधली ती उत्तम आहे, परंतु ती किती गावांत त्याच रीतीने शोधली, हे लिहिल्याशिवाय मी तिला गोष्ट म्हणेन, पुरावा म्हणणार नाही.

झाडीपट्टी

वरच्या तिन्ही लेखनांत परिणामाची दिशा एकच गृहीत धरली आहे: विद्यापीठाकडून गावाकडे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या आम्हा धान पिकवणाऱ्यांना उलट दिशाही ठाऊक आहे.

नागभीड तालुक्यातील नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांनी १९८० च्या दशकात पटेल ३ या धानाच्या शेतात वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या हेरल्या, त्यांचे बी वेगळे ठेवले, वर्षानुवर्षे निवड केली आणि बारीक दाण्याचा वाण तयार केला. घड्याळाच्या नावावरून त्याला एचएमटी हे नाव पडले. आज या तांदळाचे नाव ठाऊक नसलेले मराठी घर विरळाच. १९९४ साली पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या (पीकेव्ही) सिंदेवाही केंद्राने प्रयोगासाठी त्यांच्याकडून बी नेले आणि १९९८ साली विद्यापीठाने ‘पीकेव्ही एचएमटी’ हा वाण प्रसारित केला. शुद्धीकरणाचे काम आमचे, ही विद्यापीठाची बाजू. मूळ वाण माझा, ही दादाजींची. राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानने त्यांच्या कामाची नोंद घेतली आणि २००५ साली राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांचा सन्मान झाला. २०१८ साली हलाखीत त्यांचे निधन झाले.

आता विद्यापीठाच्या परिणामाचा अहवाल लिहिताना हा वाण कोणत्या रकान्यात मांडायचा? विद्यापीठाने तो प्रसारित केला, हे खरे आहे. तो विद्यापीठाला गावाने दिला, हेही खरे आहे. २००१ च्या वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला पैदासकार (वाण तयार करणारा) म्हणून मान्यता दिली, परंतु ही मान्यता मूल्यमापनाच्या नमुन्यांत अजून उतरलेली नाही. म्हणून माझी सूचना अशी की सहभागी अभ्यासात ‘विद्यापीठाकडून तुम्हाला काय मिळाले?’ या प्रश्नाच्या आधी ‘विद्यापीठाने तुमच्याकडून काय नेले आणि त्याचे पुढे काय झाले?’ हा प्रश्न विचारला जावा. बी, गाणी, औषधी वनस्पतींची माहिती, रक्ताचे नमुने, मुलाखती असे बरेच काही नेले जाते. त्याची यादी गावात बसून करता येते. ज्या विद्यापीठाला आपला परिणाम खरोखर जाणून घ्यायचा आहे, त्याने ती यादी स्वतःहून मागावी.

माजी सरपंच

प्राध्यापक मंडळींनी चांगले लिहिले आहे. गावाकडून चार शब्द लिहितो.

आमच्या गावात आतापर्यंत तीन-चार संस्थांचे सर्वेक्षण झाले. प्रत्येकाने कुटुंबाची माणसे, जनावरे, संडास आणि चूल यांची माहिती पुन्हा नव्याने विचारली. एकाही संस्थेचा अहवाल ग्रामपंचायतीच्या दप्तरात नाही. शेवटी शेवटी लोक म्हणू लागले, “सर, फोटो काढायचा असेल तर काढून घ्या, आम्ही उभे राहतो.” हा राग नव्हता, कंटाळा होता.

महसूल खात्यात चावडी वाचनाची पद्धत आहे. तलाठी सातबाराच्या नोंदी गावासमोर मोठ्याने वाचतो आणि चूक असेल तर लोक तिथेच हरकत घेतात. विद्यापीठाच्या अभ्यासाचेही असेच वाचन व्हावे. अहवाल छापण्याआधी तो मराठीत, गावात वाचला जावा, हरकती लिहून घ्याव्यात आणि त्या हरकतींसकट अहवाल छापावा. एवढे झाले तरी आम्ही त्याला सहभाग म्हणू.

दुसरे असे की सुगीच्या दिवसांत दिवसभर बैठकीला बसवता, तेव्हा मजुरी बुडते. अभ्यासाच्या अंदाजपत्रकात प्राध्यापकांचा प्रवासभत्ता असतो. ज्या बाईचा रोज बुडाला, तिचाही तो असावा.

शिवारफेरी

सर्वांचे आभार. माजी सरपंचांची चावडी वाचनाची सूचना मला या चर्चेतली सर्वांत मोलाची वाटते, कारण ज्या शेवटच्या टोकाविषयी मी लिहिले होते, त्याला तिने आपल्या प्रशासनातलीच, लोकांना ठाऊक असलेली रीत मिळवून दिली. आरोग्यक्षेत्रात याचा एक नमुना आपल्या राज्यात उभा आहे. २००७ साली अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे या पाच जिल्ह्यांत आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली. गावसमित्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांची प्रगतिपुस्तके हिरव्या, पिवळ्या आणि लाल रंगांत भरली आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांना सर्वांसमोर उत्तरे द्यावी लागली. कुलगुरू किंवा प्राचार्य वर्षातून एकदा अशा जनसुनवाईला बसले, तर नॅकच्या अहवालात जे येत नाही ते त्या दिवशी समोर येईल.

आकडेमोड यांच्या भिडेविषयीच्या शंकेवर एक उपाय म्हणजे अभ्यासाची चमू अदलाबदलीची ठेवणे. एका महाविद्यालयाच्या गावांचा अभ्यास दुसऱ्या महाविद्यालयाने करावा आणि चमूत निम्मे तरी गावातले प्रशिक्षित तरुण-तरुणी असावेत. दुसरा उपाय पद्धतीतच आहे. मूल्यमापनतज्ज्ञ रिक डेव्हिस यांनी १९९० च्या दशकात बांगलादेशात विकसित केलेल्या ‘सर्वांत महत्त्वाचा बदल’ या पद्धतीत तयार निर्देशक नसतात. लोक बदलाच्या हकिकती सांगतात, मग लोकांचेच गट त्यांतली सर्वांत महत्त्वाची निवडतात आणि ती का निवडली याचे कारण लिहितात. माझ्या अनुभवात खरी माहिती त्या कारणांत सापडते. हकिकतीत सगळे छान असते. निवड करताना मात्र मतभेद होतात, आणि त्या मतभेदांत गाव काय मौल्यवान मानते हे दिसते.

श्रेयाच्या गुंत्यासाठी मूल्यमापनतज्ज्ञ जॉन मेन यांचे योगदान-विश्लेषण उपयोगी पडते. बदल विद्यापीठामुळेच झाला का, हा प्रश्न ते बाजूला ठेवते. बदल कसा घडला याची साखळी मांडून, तिच्या प्रत्येक कडीला पुरावा काय आणि दुसरे कोणते कारण संभवते, हे ते तपासते. ऊसपट्टा यांनी पाडेगावपर्यंतची वाट शोधली, ती नकळत याच रीतीची आहे.

थेम्सकाठी

मी ब्रिटनमधील एका विद्यापीठात काम करते. इथे संशोधनाच्या राष्ट्रीय मूल्यमापनात २०१४ साली प्रथमच सामाजिक परिणामाला २० टक्के भार मिळाला आणि २०२१ साली तो २५ टक्के झाला. त्या निकालावर सरकारी निधी अवलंबून असतो. २०१४ साली विद्यापीठांनी ६,९७५ परिणाम-कथा सादर केल्या.

इतक्या जवळून पाहिल्यावर दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. कथा विद्यापीठच लिहिते. ज्यांच्यावर परिणाम झाला, त्यांचे पत्र पुरावा म्हणून जोडले जाते, परंतु कोणती कथा पाठवायची हे ते लोक ठरवत नाहीत. आणि वाईट परिणाम कोणी लिहीत नाही, कारण त्याला गुण नाहीत. विद्यार्थ्यांच्या गर्दीने आसपासच्या वस्तीतील घरभाडी वाढली, जुनी कुटुंबे बाहेर फेकली गेली, असे बदल विद्यापीठाच्या अस्तित्वाचाच परिणाम असूनही त्या हजारो कथांच्या चौकटीबाहेर राहतात.

आपल्याकडेही याला समांतर गोष्टी आहेत. राहुरी आणि परभणी येथील कृषी विद्यापीठांसाठी ज्यांच्या जमिनी गेल्या, त्या प्रकल्पग्रस्त कुटुंबांनी नोकरीसाठी आंदोलने केली आहेत. त्या कुटुंबांना अभ्यासगटात घेतल्याशिवाय त्या विद्यापीठांच्या परिणामाचा अभ्यास पूर्ण होणार नाही. भारतात अशी निधीशी जोडलेली व्यवस्था येण्याआधीच या त्रुटी लक्षात घ्याव्यात, असे मनापासून वाटते. एकदा गुण आणि पैसा जोडला गेला की प्रामाणिक उत्तराची किंमत फार वाढते.

ओवी

मी सामुदायिक आरोग्याच्या क्षेत्रात काम करते. इथे अजून बायकांचा विषय नीट आलेला नाही, म्हणून लिहिते.

गावाची सभा कुठे भरते, यावर कोण बोलणार हे ठरते. देवळाच्या पारावर नकाशा काढला की काही वस्त्यांतली माणसे आणि बहुतेक सुना तिथे येत नाहीत. सकाळी अकराची वेळ प्राध्यापकांना सोयीची असते, तेव्हा मजुरीला जाणाऱ्या बायका रानात असतात. रात्रीची जेवणे झाल्यावर, त्यांच्याच गल्लीत, पुरुषांना वगळून बसले तर वेगळेच गाव समोर येते. आम्ही आजारांची नावे बायकांकडूनच घेतो: आधी त्यांना सुचतील ती सर्व नावे मोकळेपणे सांगू द्यायची, मग चिठ्ठ्यांवर चित्रे काढून त्यांच्या मनाप्रमाणे गट पाडू द्यायचे. अंगावरून पांढरे जाणे आणि कंबर दुखणे यांच्या चिठ्ठ्या त्यांनी ‘अशक्तपणा’ च्या गटात ठेवल्या, तेव्हा दवाखान्यात या तक्रारी का पोहोचत नाहीत हे आम्हाला समजले: अशक्तपणासाठी कोणी दवाखान्यात जात नाही. छापील प्रश्नावलीत ‘प्रजनन आरोग्य’ असा विभाग होता, त्यात हे कधीच सापडले नसते.

शिवारफेरी यांनी विचारले आहे की हे विद्यापीठपातळीवर कुठे लावता येईल. मला सेवाग्रामचे उदाहरण सुचते. तिथले महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान १९६९ पासून चालू आहे. वैद्यकीच्या पहिल्या वर्षाचे विद्यार्थी आश्रमात निवासी शिबिराला राहतात, प्रत्येक तुकडी एक गाव स्वीकारते, विद्यार्थ्यांना कुटुंबे वाटून दिली जातात आणि शिबिरानंतरही ते त्या कुटुंबांकडे ठरावीक काळाने जात राहतात. म्हणजे वर्धा परिसरात अशी अनेक गावे आहेत, ज्यांच्या आठवणीत एकेका सालची तुकडी आहे. त्या गावांतल्या ज्या कुटुंबांनी विद्यार्थी सांभाळले, त्यांनाच अभ्यासक करावे आणि दोन प्रश्न हाती द्यावेत: त्या डॉक्टर पोरांमुळे तुमच्या घरात काय बदलले, आणि तुमच्या घरामुळे त्या पोरांत काय बदलले? दुसऱ्या प्रश्नासाठी जुन्या विद्यार्थ्यांना त्याच अंगणात बोलावता येईल. वैद्यकीय शिक्षणाचा परिणाम किती पदवीधर बाहेर पडले यावर मोजला जातो. त्यांतले किती जण रुग्णाचे ऐकून घ्यायला शिकले, हे त्या कुटुंबांइतके कोणी सांगू शकणार नाही.

संमतीविषयी एक वाक्य. सामूहिक बैठकीत सांगितलेली गोष्ट गावभर होते. नवऱ्याची मारहाण, गर्भपात, कर्ज हे विषय नकाशावर किंवा चिठ्ठ्यांवर आणू नयेत. त्यासाठी एकांतातली मुलाखतच योग्य.

आकडेमोड

ओवी यांच्या सेवाग्रामच्या सूचनेत मला संशोधनाच्या दृष्टीने एक दुर्मीळ सोय दिसते. दर वर्षी एक नवे गाव जोडले जात असेल, तर १९७० च्या दशकातली, १९९० च्या दशकातली आणि अलीकडची गावे शेजारी ठेवून तुलना करता येते, आणि अजून न जोडलेली गावे तुलनेला आपोआप मिळतात. गाव कसे निवडले गेले याची नोंद मात्र आधी पाहावी लागेल.

झाडीपट्टी यांच्या प्रश्नालाही संख्येच्या शिस्तीत बसवता येते. नेलेल्या वस्तूंची आणि माहितीची यादी गावोगाव एकाच नमुन्यात केली, तर ‘परत काय आले’ हा रकाना प्रत्येक ओळीसमोर भरता येईल. तो बहुतेक ठिकाणी रिकामा राहील, अशी माझी अटकळ आहे. परंतु रिकामा रकाना हीसुद्धा नोंद असते आणि तिची बेरीज होते.

ऊसपट्टा

एक व्यावहारिक अडचण लिहितो, कारण तिच्यावर उत्तर निघाल्याशिवाय हे सारे एखाद-दुसऱ्या उत्साही शिक्षकापुरते राहील. आमच्या पदोन्नतीच्या गुणांत शोधनिबंध मोजला जातो. गावात वाचलेला, हरकतींसकट दुरुस्त केलेला मराठी अहवाल मोजला जात नाही. दोन वर्षे गावाबरोबर काम करून प्रश्न ठरवण्यापेक्षा दोन महिन्यांत प्रश्नावली भरून निबंध पाठवणे तरुण सहायक प्राध्यापकाला भाग पडते, आणि मी त्याला दोष देऊ शकत नाही. विद्या परिषदेने चावडी वाचन झालेल्या अहवालाला शोधनिबंधाच्या बरोबरीचे गुण द्यावेत, असा ठराव मी आमच्या अभ्यास मंडळात मांडणार आहे.

शिवारफेरी

ऊसपट्टा, आपल्या ठरावाचा मसुदा इथे टाकावा, इतर विद्यापीठांतील सदस्यांनाही तो वापरता येईल.

माझ्याकडून, आमच्या महाविद्यालयाच्या परिसरातील दोन दत्तक आणि चिठ्ठी टाकून निवडलेल्या दोन इतर गावांत येत्या हंगामानंतर काम सुरू करण्याचा विचार आहे. सुरुवात झाडीपट्टी यांच्या प्रश्नाने होईल. बैठका दोन वेळा, दोन जागी होतील आणि बायकांची बैठक ओवी यांनी सांगितल्याप्रमाणे स्वतंत्र असेल. बुडालेल्या रोजाची तरतूद अंदाजपत्रकात धरली आहे. ती लेखा विभागाकडून कोणत्या शीर्षाखाली मंजूर करून घ्यावी, हे कोणाला ठाऊक असल्यास कृपया सांगावे.

माजी सरपंच

आमच्याकडच्या एका प्रशिक्षणात लोकांचे पैसे ‘सहभागी मानधन’ या नावाने निघाले होते. हजेरीपत्रकावर सही किंवा अंगठा आणि सोबत बँक खात्याचा क्रमांक लागला होता. पैसे थेट खात्यात जमा करा, मध्ये कोणी नको. आणि चावडी वाचनाची तारीख पहिल्याच बैठकीत फळ्यावर लिहा. ती गावाच्या यात्रेच्या आणि ऊसतोडीच्या दिवसांत नसावी.